मटकीचे मोड आणि पहिला खराखुरा प्रयोग

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलं की एका तरी टेबलावर ज्वालामुखी भेटतोच. थर्माकोलचा डोंगर, त्याला तपकिरी रंग, माथ्यावर बाटलीचं तोंड. आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर, त्यात कुंकू. लाल फेस उसळतो, आजूबाजूची मुलं ओरडतात. मी विचारतो, "यातून तुला असं काय कळलं, जे काल माहीत नव्हतं?" मग ते मूल शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे बघतं.

ज्वालामुखी करू नका असं मी म्हणत नाही. कापाकापी, चिकटवाचिकटवी यात मजा आहे आणि हातही तयार होतो. पण फेस येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. प्रयोगात उत्तर आधी ठाऊक नसतं, आणि आपला अंदाज सपशेल खोटा पडायला तिथे वाव असतो. तो वाव ठेवायला शिकणं ही वैज्ञानिक पद्धतीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. बाकी मोजमाप, तक्ते, आलेख सवयीने जमतं.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. या लेखात आपण अर्धा किलो मटकी, जुन्या सुती साडीचे चार तुकडे, पट्टी, दोरा आणि एक वही एवढ्यावर सगळ्या पायऱ्या चढणार आहोत. सहावी ते नववीतल्या कुणालाही हे एकट्याने करता येईल. एका टप्प्यावर मात्र भाऊ, बहीण किंवा आई यांपैकी कुणाला तरी दहा मिनिटं मदतीला घ्यावं लागेल.

पायरी १: घरातलंच एखादं वाक्य पकडा

"मला प्रश्नच सुचत नाही," ही मुलांची पहिली तक्रार. सुचत नसेल तर शोधू नका, ऐका. घरात दिवसभर दावे चाललेले असतात. माठातलं पाणी फ्रीजपेक्षा चवीला चांगलं. कांदा पाण्यात टाकून चिरला की डोळ्यांना पाणी येत नाही. लिंबू आधी चोळलं की जास्त रस निघतो. झाडांना दुपारी पाणी घातलं तर ती मरतात. यातलं काही खरं असेल, काही नसेल. आपल्याला ते माहीत नाही, आणि इथूनच सुरुवात करायची.

मी निवडलेलं वाक्य माझ्या आजीचं आहे: "मटकी फडक्यात करकचून बांध, म्हणजे मोड लांब येतात." ती गाठोडं अशी आवळायची की सोडवताना दात वापरावे लागत. मोड लांब यायचे यात शंका नाही. पण ते करकचून बांधल्यामुळे यायचे का?

मोठ्या माणसांचं म्हणणं तपासलं तर त्यांचा अपमान होतो, असं काहींना वाटतं. १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग बघून ते थबकले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं म्हणणं होतं, आणि रॅले म्हणजे त्या काळातलं केवढं मोठं नाव! रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचं छोटं उपकरण होतं. पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा उजेड त्यातून अडवता येतो. त्यांनी तो अडवून पाहिलं. प्रतिबिंब गेलं, तरी पाणी निळंच राहिलं. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरत होतं. त्या धाग्यावर काम करत करत २८ फेब्रुवारी १९२८ ला ते रामन परिणामापर्यंत पोहोचले, १९३० साली नोबेल मिळालं, आणि शाळेत आपण विज्ञान दिन साजरा करतो तो याच तारखेला. रॅले यांचा मान त्यामुळे कमी झाला नाही. आजीचाही होणार नाही.

पायरी २: प्रश्न मोजता येईल असा करा

"मटकीला चांगले मोड कसे येतात?" हा प्रश्न गप्पांसाठी ठीक आहे. 'चांगले' कशाने मोजणार? माझ्या मते चांगला मोड म्हणजे लांब, तुमच्या आईच्या मते कदाचित आखूड, कारण लांब मोडांची उसळ गिचका होते.

म्हणून प्रश्न असा लिहा: "घट्ट बांधलेल्या मटकीचे मोड, सैल झाकलेल्या मटकीच्या मोडांपेक्षा २४ तासांनी जास्त लांब असतात का?" आता यात काय बदलायचं (बांधणी), काय मोजायचं (लांबी) आणि कधी मोजायचं (२४ तासांनी) हे तिन्ही ठरलेलं आहे. आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' येऊ शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर फक्त 'हो'च येऊ शकतं तो सोडून द्या.

"मोड आला" म्हणजे काय, तेही आत्ताच ठरवा. मी असं ठरवतो: सालाबाहेर पांढरं टोक निदान २ मिलिमीटर आलं असेल तर मोड आला. नुसती साल तडकली असेल तर नाही. हा नियम वहीत तारखेसह लिहून टाका. मोजायला बसल्यावर नियम ठरवायला गेलात तर मन हळूच आपल्याला हव्या त्या बाजूला झुकतं, आणि ते आपल्याला कळतही नाही.

पायरी ३: अंदाज लिहा, आणि तो कधी चुकेल हेही लिहा

पाठ्यपुस्तकात याला गृहीतक म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी: मला काय वाटतं आणि का वाटतं. "घट्ट बांधल्याने मोड लांब येतात, कारण आत ओल टिकते आणि ऊब धरते." अंदाजाला असं कारण जोडलं की तो तपासायला सोपा जातो. ओलच कारण असेल, तर घट्ट न बांधता नुसतं ओल्या फडक्याने झाकलं तरी मोड तेवढेच यायला हवेत. बघा, कारण लिहिल्याबरोबर प्रयोगाची एक ताटली आपोआप वाढली.

त्याच्याखाली दुसरं वाक्य लिहा, जे बहुतेक मुलं लिहीत नाहीत: "असं असं दिसलं तर माझा अंदाज चुकला असं मी मानीन."

हे वाक्य किती कामाचं असतं ते २१ सप्टेंबर १९९५ च्या गोष्टीवरून कळेल. त्या दिवशी गणपती दूध पितो अशी बातमी पसरली आणि देशभर देवळांसमोर रांगा लागल्या. चमचा मूर्तीच्या सोंडेला लावला की दूध खरंच कमी होत होतं, ते लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. निरीक्षण खोटं नव्हतं. पण त्याची दोन स्पष्टीकरणं शक्य होती: दूध मूर्तीच्या आत जातंय, किंवा मूर्तीवरून ओघळून खाली जातंय. पांढऱ्या दुधाचा पातळ थर ओल्या मूर्तीवर दिसत नाही, त्यामुळे नुसतं बघत राहून दोन्हींतला फरक कळणार नव्हता. मग शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला. आत जात असेल तर रंग दिसणार नाही, ओघळत असेल तर रंगाची रेघ उमटेल. रेघ उमटली. काठोकाठ भरलेल्या चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ताणामुळे, मूर्तीकडे ओढलं जात होतं आणि तिथून खाली वाहत होतं. दोन अंदाज जिथे वेगवेगळं भाकीत करतात, नेमकं तिथे बोट ठेवणं याला मी प्रयोगाची रचना म्हणतो. थेंबभर रंगाने ते झालं.

पायरी ४: एका वेळी एकच गोष्ट बदला

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त प्रयोग याच पायरीवर कोसळतात.

बहुतेक मुलं काय करतील? एका वाटीत मटकी उघडी ठेवतील, दुसरी फडक्यात घट्ट बांधतील. दुसऱ्या दिवशी गाठोड्यातले मोड लांब दिसतील आणि आजी बरोबर ठरेल. पण जरा विचार करा, या दोन मटक्यांत फरक किती होते? उघडी मटकी वाळत होती, गाठोड्यातली ओली होती. उघडीवर उजेड होता, गाठोड्यात अंधार. गाठोड्यात दाणे एकमेकांना चिकटून होते. मोड येताना दाणे श्वसन करतात आणि थोडी उष्णता बाहेर टाकतात, ती गाठोड्यात कोंडते, ताटात उडून जाते. आणि शिवाय दाब. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय मात्र गाठीला दिलं.

साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी नावाच्या वैद्याला हाच पेच पडला होता. मांस सडलं की त्यातून अळ्या आपोआप जन्मतात, असं तेव्हा भले भले मानत. रेडीला माश्यांचा संशय होता. १६६८ मध्ये त्याने आपले प्रयोग छापले. त्यात काही बरण्यांत मांस ठेवून त्या उघड्या ठेवल्या होत्या, काही घट्ट बंद केल्या होत्या. उघड्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत नाही. पण बरणी बंद केली की माशीसोबत हवाही अडते. हवा नसल्यामुळे अळ्या झाल्या नाहीत, असं कुणी म्हटलं असतं तर? म्हणून रेडीने तिसऱ्या प्रकारची बरणी केली: तोंडावर बारीक जाळीदार कापड. हवा आत जाते, माशी जात नाही. माश्या वासाने आल्या, कापडावर बसल्या, आणि आतल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. मला त्या प्रयोगातली ही तिसरी बरणीच सगळ्यात जास्त आवडते. पहिल्या दोन बरण्या कुणालाही सुचल्या असत्या.

आपल्यालाही तशी एक ताटली हवी. म्हणून मांडणी अशी करा.

अर्धा किलो मटकी एकाच पाकिटातली घ्या. खडे, फुटके दाणे निवडून टाका. त्यातून चार वेळा अर्धी अर्धी वाटी मोजून घ्या आणि चार सारख्या पातेल्यांत, सारख्या पाण्यात, एकाच वेळी भिजत घाला. जुन्या सुती साडीचे सारख्या मापाचे चार तुकडे करा. सगळे भिजवून एकसारखे पिळून घ्या.

अ: मटकी तुकड्यात घालून करकचून गाठ मारा, आजीसारखी.

ब: तुकडा दुहेरी घडी करून ताटलीत अंथरा, वर मटकी पसरा. वरून काहीच झाकू नका.

क: तुकड्याचा अर्धा भाग ताटलीत खाली, त्यावर मटकी, उरलेला अर्धा भाग वरून सैल पांघरा. गाठ नाही, दाब नाही, पण ओल आहे. ही आपली रेडीची तिसरी बरणी.

ड: पुन्हा घट्ट गाठोडं, हुबेहूब 'अ'सारखं. हे कशाला, ते पायरी ७ मध्ये सांगतो. तोवर विश्वास ठेवा.

चारही ताटल्या स्वयंपाकघरातल्या एकाच बंद कपाटात, एकाच फळीवर ठेवा. एक ओट्याखाली आणि एक फ्रीजच्या डोक्यावर ठेवलीत तर तुम्ही फडकं तपासत नाही आहात, ऊब तपासता आहात. कपाट बंद असल्यामुळे उजेडाचा फरकही गेला. पाणी शिंपडायचं झालं तर प्रत्येकावर मोजून दोन चमचे, एकाच वेळी.

आता 'ब' आणि 'क' यांच्यात फरक पडला तर तो मुख्यतः झाकण्यामुळे, म्हणजे ओलीमुळे. 'क' आणि 'अ' यांच्यात पडला तर तो गोळा करून आवळण्यामुळे. आवळल्याने दाब आणि ऊब दोन्ही वाढतात, हे खरं. ते दोन वेगळे करायला आणखी एक ताटली लागेल. पहिल्याच प्रयोगात सगळं सोडवायला जाऊ नका, फक्त वहीत लिहून ठेवा की एवढं सुटलेलं नाही.

पायरी ५: वेळ आधी ठरवा

शुक्रवारी रात्री ९ वाजता भिजत घाला. शनिवारी सकाळी ७ ला उपसा आणि मांडणी करा. शनिवारी संध्याकाळी ७ ला फक्त एक नजर टाका, कपाटाचं दार लगेच बंद करा. रविवारी सकाळी ७ ला मोजा. थंडीचे दिवस असतील तर मोड उशिरा येतात, तेव्हा मोजणी रविवारी संध्याकाळवर ढकलली तरी चालेल, पण चारही ताटल्यांसाठी ढकला. 'अ'चे मोड छान दिसतायत म्हणून ते सकाळी मोजले आणि 'ब'चे राहिले ते संध्याकाळी, असं केलं तर सगळं पाण्यात. मटकीसकट.

पायरी ६: मोजणाऱ्याचे डोळे बांधा

खरोखर पट्टी बांधायची नाही. पण कोणती मटकी कुठल्या ताटलीतली हे मोजणाऱ्याला कळता कामा नये.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गाजत होता. गणितं घातली की तो टाप आपटून उत्तर द्यायचा. सात अधिक पाच म्हटलं की बारा टापा. त्याचा मालक फोन ऑस्टेन हा निवृत्त शिक्षक, आणि तो लबाड नव्हता. लोक तपासून गेले, फसवणूक सापडली नाही. मग ऑस्कार फुंगस्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट केली: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था. घोड्याची गणितं तिथेच संपली. विचारणारा दिसत नसला तरी तो अडायचा. १९०७ मध्ये फुंगस्टने दाखवून दिलं की टापा बरोबर आकड्याला पोहोचल्या की विचारणाऱ्याचं डोकं, शरीर नकळत किंचित हलत होतं, आणि घोडा ते टिपत होता. फसवत कुणीच नव्हतं. उत्तर माहीत असणाऱ्या माणसाच्या अंगातून ते झिरपत होतं.

आपल्या मटकीतही तेच होतं. आजी बरोबर ठरावी असं वाटत असेल तर गाठोड्यातले लांब लांब मोड हाताला आधी लागतात. वाकडा मोड गाठोड्यातला असेल तर दोरा जरा जास्त ताणला जातो.

म्हणून मदतनिसाला बोलवा. तुम्ही खोलीबाहेर जा. मदतनीस प्रत्येक ताटलीतली मटकी हलक्या हाताने मिसळेल आणि न निवडता ५० दाणे एका वाटीत काढेल. वाट्यांवर रंगीत चिठ्ठ्या लावेल: लाल, हिरवी, निळी, पिवळी. कोणता रंग कुठल्या ताटलीचा, ते एका कागदावर लिहून, घडी घालून डब्याखाली ठेवेल. मग तुम्ही आत या आणि मोजा. सगळे आकडे वहीत शाईने लिहून झाल्याशिवाय तो कागद उघडायचा नाही.

न निवडता म्हणजे खरंच न निवडता. वरचे वरचे दाणे घेतले तर ते वाळलेले असतील, तळाचे घेतले तर जास्त ओले. मिसळून मूठ भरायची आणि मुठीतले मोजायचे.

प्रत्येक वाटीत दोन मापं घ्या. एक, ५० पैकी किती दाण्यांना मोड आला. दोन, मोड आलेल्यांपैकी १० दाण्यांची लांबी. हे १० दाणेही डोळे मिटून उचला. मोड वाकडा असतो, पट्टी थेट लागत नाही, म्हणून दोरा मोडावरून वळणावळणाने धरायचा, चिमटीत पकडायचा आणि मग पट्टीवर सरळ करून वाचायचा. मिलिमीटरमध्ये लिहा. शाळेच्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब लावत बसू नका, ती पट्टी तेवढी बारीक नाहीच.

प्रत्येक वाटीत काही गणंग निघतील: रात्रभर भिजूनही खड्यासारखे टणक राहिलेले दाणे. ते ५० मध्ये धरायचे की नाही? दोन्ही चालतं, पण ते आधी ठरवलेलं असावं आणि चारही वाट्यांना एकच नियम असावा. मी धरतो, कारण ते वगळायला लागलो की "हाही गणंगच दिसतोय" असं म्हणत नावडता दाणा बाजूला करायचा मोह होतो.

पायरी ७: जुळ्या ताटलीचा उपयोग

आता 'ड' का ठेवली ते. 'अ' आणि 'ड' हुबेहूब सारख्या होत्या. त्यांची उत्तरंही सारखी यायला हवीत, नाही का? येणार नाहीत. दाणे सजीव आहेत, सगळे सारख्या वयाचे, सारख्या तब्येतीचे नसतात. मग त्या दोन आकड्यांमधलं अंतर आपल्याला काय सांगतं? काहीही न बदलता नुसत्या नशिबाने किती फरक पडू शकतो, ते.

समजा १० मोडांच्या लांबीची सरासरी अशी आली: 'अ' १४ मिलिमीटर, 'ड' ११, 'क' १३ आणि 'ब' ४. (हे आकडे मी समजवण्यापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही काढा.) 'अ' 'क'पेक्षा १ मिलिमीटरने पुढे आहे. आजी जिंकली? थांबा. दोन सारख्या गाठोड्यांतच ३ मिलिमीटरचा फरक आहे. मग १ मिलिमीटरवरून कुणालाच जिंकवता येत नाही. 'ब' मात्र बाकी सगळ्यांपेक्षा ७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मागे आहे, तो फरक नशिबाच्या आवाक्याबाहेरचा दिसतो. म्हणजे या आकड्यांवरून एवढंच म्हणता येईल: झाकून ओल टिकवणं महत्त्वाचं दिसतं. करकचून आवळल्याने त्यात भर पडते असं दिसलं नाही.

मोठेपणी संख्याशास्त्र शिकाल तेव्हा हेच काम सूत्रांनी कराल. पण एक जुळी ताटली ठेवण्याची सवय आत्ताच लावून घ्या. प्रदर्शनात ती मला क्वचितच दिसते, आणि दिसली की मी त्या टेबलापाशी जास्त वेळ थांबतो.

आणि हे सगळं पुन्हा करा. निदान तीन शनिवार-रविवार. एकदा आलेलं उत्तर ही बातमी झाली, तीनदा आलं की त्यावर बोलता येतं. उसळ रोज खायची घरच्यांची तयारी असेल तर सलग करा.

पायरी ८: वही

आमच्या कॉलेजात सरळ दोलकाचा प्रयोग असायचा. दोरीची लांबी, आंदोलनांचा वेळ, त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९८० (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) च्या आसपास यायला हवं हे सगळ्यांना पाठ. मग आम्ही काय करायचो? उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग लिहायचो. मलाही एकदा ९८०.२ आलं होतं आणि वहीवर छान शेरा मिळाला होता. दोलक त्या दिवशी मी हलवलासुद्धा नव्हता.

ती सवय मोडायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून सांगतो. वही कच्चीच ठेवा. आधी चिटोऱ्यावर आणि मग 'फेअर' करू, असं नको, कारण फेअर करताना आकडे सुधारतात. पेन वापरा, पेन्सिल नको. आकडा चुकला तर एक रेघ मारा, बाजूला बरोबर आकडा आणि चूक का झाली ते लिहा. जुना आकडा वाचता आला पाहिजे. मधल्या घटनाही टिपा: "शनिवारी दुपारी कामवाल्या मावशींनी कपाट उघडलं, दार अर्धा तास उघडं राहिलं." तेव्हा ती नोंद फालतू वाटेल. पण 'ब' विचित्र आली तर कारण तिथेच सापडेल.

आणि एखादा आकडा फारच वेगळा आला, तर तो काढून टाकू नका. ठेवा, शेजारी प्रश्नचिन्ह घाला.

पायरी ९: जेवढं तपासलं तेवढंच म्हणा

१७४७ साली जेम्स लिंड नावाचा जहाजावरचा ब्रिटिश डॉक्टर स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा आजार) झालेले १२ खलाशी निवडतो. शक्य तितके सारखे आजारी, एकाच जागी ठेवलेले, एकच जेवण घेणारे. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय देतो: कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला संत्री आणि लिंबं. संत्री-लिंबं खाणारे दोघं थोड्याच दिवसांत सुधारतात. तुलना करून पाहण्याचं हे उदाहरण आजही वैद्यकाच्या वर्गात सांगतात.

पुढचं मात्र कमी सांगितलं जातं. फळं जहाजावर टिकत नाहीत, म्हणून लिंडने रस आटवून घट्ट पाक करायची शिफारस केली. ताज्या फळाने गुण आला, तर त्याच्या आटवलेल्या रसानेही येईल, असं त्याने धरून चाललं. पण आटवताना क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं आणि पाक फारसा उपयोगाचा राहत नाही. त्याने तपासलं होतं एक आणि सांगितलं दुसरं. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सरसकट सुरू व्हायला १७९५ उजाडलं. उशीर होण्याची कारणं आणखीही होती, पण त्या पाकाने मदत नक्कीच केली नाही.

तर तुमचा निष्कर्ष लिहिताना "घट्ट बांधण्याचा उपयोग नसतो" असं लिहू नका. "अर्धी वाटी मटकी, सुती फडकं, फेब्रुवारी महिना, २४ तास: एवढ्या परिस्थितीत तीन वेळा करून पाहिल्यावर घट्ट बांधलेल्या आणि सैल झाकलेल्या मटकीच्या मोडांत फरक दिसला नाही," असं लिहा. वाक्य लांबतं, पण ते टिकतं. आजी पाव किलोचं गाठोडं बांधायची, एवढ्या मोठ्या गोळ्यात ऊब जास्त कोंडत असेल. तिचं म्हणणं पाव किलोला खरं असूही शकतं. आपण ते तपासलेलं नाही.

आणि अंदाज चुकला म्हणून "प्रयोग फसला" असं कधीच लिहू नका. कपाट उंदराने उघडलं, ताटली सांडली, वेळ चुकली, तर प्रयोग फसला. मटकीने 'नाही' म्हटलं तर तो यशस्वी झाला.

पायरी १०: टेबलावर काय मांडायचं

तक्ता एकच पुरे. वर प्रश्न, त्याखाली चार ताटल्यांचं चित्र, त्याखाली आकडे. थर्माकोल नको. शेजारी तुमची कच्ची वही, खाडाखोडीसकट, उघडून ठेवा. चांगला परीक्षक आधी वहीच उचलतो.

तुम्हाला विचारतील: पॉलिस्टरचं फडकं घेतलं असतं तर? मुगाला हेच लागू पडेल का? दाब आणि ऊब वेगळी कशी करशील? पहिल्या दोन प्रश्नांना "ते तपासलं नाही" हे पूर्ण उत्तर आहे, मान खाली न घालता द्या. तिसऱ्याचं उत्तर थोडं डोकं खाजवून तयार ठेवा. एक इशारा देतो: घट्ट न बांधताही मटकी उबेला ठेवता येते, आणि ताटलीवर वजन ठेवता येतं.

प्रदर्शनात मोड आलेली मटकी न्यायची असेल तर त्याच सकाळची न्या. मागच्या रविवारची बंद डब्यातून नेलीत, तर झाकण उघडल्यावर तुमच्या टेबलापाशी परीक्षकसुद्धा थांबणार नाहीत.